काच वाटेत आहे

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकही जण विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! मी स्वतः पाहिलं नसतं तर मीही ठेवला नसता. आणि आतल्या खोलीतून भांड्यांचा आवाज येतोय, तिकडे लक्ष देऊ नका. माझी गोष्ट सुरू झाली की आमच्याकडे भांडी जरा जोरातच घासली जातात.

तर मंडळी, एक चष्मेवाला होता. माझ्या चांगल्या ओळखीचा. रोज सकाळी, दाढी करायच्या वेळेला, आमची नजरानजर व्हायची. दुकान एवढंसं. एका भिंतीवर फ्रेमा, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर हत्तीएवढं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. माणूस हाताचा चांगला, जिभेचा गोड. दोष म्हणाल तर एकच, आणि तोही एका शब्दाचा.

“उद्या.”

त्याला ‘नाही’ म्हणता यायचं नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा पडलेला बघवायचा नाही. मग तो म्हणायचा, “उद्या नक्की.” उद्या म्हणायचा, “परवा, शब्द देतो.” एक गृहस्थ चाळिशीला आले म्हणून चाळिशी लावायला त्याच्याकडे गेले, ती हातात पडेपर्यंत साठीला पोचले, आणि नंबर पुन्हा तपासावा लागला. हसू नका, हे गृहस्थ अजून हयात आहेत.

आता गंमत अशी, की माणूस मोठा भाविक, रविवारचं चर्च न चुकवणारा. त्याच्या घरी वचनांची डबी होती. पवित्र शास्त्रातलं एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या, काडीएवढ्या सुरळ्या करून डबीत उभ्या ठासलेल्या. रोज सकाळी डोळे मिटून एक काढायची, वाचायची आणि दिवसभर मनात धरायची. हा ती काढायचा दुकानातल्या चिमट्याने, ज्याने बारीक स्क्रू उचलतात ना, त्याच. देणारं वचन निघालं, म्हणजे मी तुला सोडणार नाही, घाबरू नकोस, अशा धर्तीचं, की लगेच कपाळाला लावून खिशात. आणि मागणारं निघालं, शेजाऱ्याला खरं सांग, दिलेला शब्द पाळ, असलं काही, की चिमट्याने पुन्हा सुरळी करून डबीत परत!

त्याची बायको एकदा म्हणाली, “अहो, त्या डबीत तुमच्यासाठी काम पण असतं. नुसती बक्षिसं नसतात.”

“अगं, मी टाकून थोडाच देतोय? परत ठेवतोय. पुढेमागे बघू.”

“म्हणजे देवालाही उद्याच का?”

यावर तो फक्त हसला. हसण्यात तो तरबेज होता.

त्याच्या दुकानात एक निवृत्त शाळामास्तरीण यायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. नंबर असा जाड की चष्म्याशिवाय स्वतःचा हात ओळखू येऊ नये. त्यांचा चष्मा पडून फुटला. त्यांच्या नंबरची काच दुकानात मिळणारी नव्हती. बसने दोन तासांवर काच घासून देणारा कारखाना होता, तिथे नंबराचा कागद पाठवायचा. चष्मेवाल्याने डोळे तपासले, कागदावर नंबर लिहिला, कागद शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, “बाई, पुढच्या बुधवारी नक्की!”

आणि कागद खिशातच राहिला.

आता पहिला चमत्कार ऐका. पाच आठवडे गेले. शर्ट बदलले, मळले, धुतले गेले, वाळले. पण तो कागद? दर वेळी धुतलेल्या शर्टाच्या खिशात आपोआप हजर! भिजला नाही, चुरगळला नाही. चष्मेवाला खिशात हात घाली, कागद हाताला लागे, की लगेच हात बाहेर. विस्तव लागल्यासारखा.

सहाव्या बुधवारी बाई भिंतीला हात लावत लावत दुकानात आल्या.

“या, या बाई! बसा ना.”

“बसायला नाही आले. चष्म्याला आले.”

“तुमचंच काम धरलंय. काच वाटेत आहे.”

“मागच्या बुधवारीही वाटेतच होती. चालत येतेय का ती?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. चष्मेवालाही हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. स्टुलाची कड चाचपत म्हणाल्या, “आमच्या ह्यांचं तुम्हाला ठाऊक आहे ना?”

सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंचे यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते, छापण्याआधी कागदावरच्या चुका काढणारे. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. लग्न झाल्यापासून दोघांचा नेम, रोज शास्त्राचा एक अध्याय बाईंनी वाचायचा आणि ह्यांनी ऐकायचा. एखादा शब्द चुकला की ह्यांचं बोट वर! पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत अशा सहा फेऱ्या झाल्या होत्या. सातवी चालू होती.

“बारा अध्याय उरलेत,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर सांगून गेलेत, आता महिन्यांच्या गोष्टी करू नका. मला पाठ होतं तेवढं म्हणून झालं. पुढचं येत नाही. मी गप्प बसले की हे नुसते माझ्याकडे बघत राहतात.”

“मग दुसऱ्या कुणाला वाचायला...”

“पाळकसाहेब आले होते. एका अध्यायात ह्यांनी नऊ वेळा बोट वर केलं. पाळकसाहेब परत आले नाहीत.”

“आणि दुसरं दुकान, बाई?” हे चष्मेवाल्याने अगदी हळू विचारलं.

“शेजारीण तेच म्हणत होती. मी म्हटलं, तसं कसं? त्यांनी मला वचन दिलंय.”

वचन! डबीतून काढायचं तेही वचन, आणि दुकानात वाटायचं तेही वचन. शब्द एकच, पण त्या घटकेपर्यंत चष्मेवाल्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. तो गडबडला. आणि गडबडला की तो विनोद करायचा.

“बाई, जरा कळ काढा. प्रभूसुद्धा लवकर येतो म्हणून सांगून गेलाय. किती शतकं झाली बघा! त्याला कुणी बोल लावतं का?”

गिऱ्हाइकं पुन्हा हसली. बाईंनी मान वर केली. चष्मेवाला उभा होता त्याच्या जरा डावीकडे बघत त्या म्हणाल्या, “तो निघालाय, चष्मेवाले. ह्यांच्या उशाशी बसते ना, तेव्हा रोज थोडा जवळ आलेला जाणवतो. जो निघालाय त्याची वाट बघायला जड जात नाही. तुमची काचही निघालीय म्हणता, म्हणून तिचीही मी तशीच वाट बघतेय.”

आणि भिंतीला हात लावत लावत त्या गेल्या. खिशातला कागद नुसता कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाल्याने डबी उघडली. डोळे मिटले, चिमट्याने एक चिठ्ठी उचलली, उलगडली. आणि मंडळी, इथून पुढे घट्ट धरून बसा! चिठ्ठीवर लिहिलं होतं:

उद्या या.

त्याने डोळे चोळले. चष्मा पुसला. चिठ्ठी परत ठेवून दुसरी काढली. परवा नक्की. तिसरी काढली. तुमचंच काम हातात घेतलंय. चौथी. आज जरा गर्दी आहे, संध्याकाळी बघू. मग चिमटा फेकून त्याने डबी पालथीच घातली. एकशे वीस चिठ्ठ्या! सगळ्यांवर त्याचीच वाक्यं! आणि अगदी शेवटची, बुडाशी चिकटलेली: काच वाटेत आहे.

शाई या जगातली नव्हती. अक्षर कुणा माणसाचं नव्हतं. बायको शेजारी उभी होती, पण ती बिचारी भोळी, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

चष्मेवाला खाली बसला. त्याची मुलगी लहानपणी तापाने फणफणली होती, तो आख्खा आठवडा त्याने या डबीतल्या एका चिठ्ठीवर काढला होता. ‘मी तुझ्याबरोबर आहे.’ मुठीत घट्ट धरून. घामाने तिची शाई हाताला लागली होती. त्या दिवशी चिठ्ठीत ‘उद्या या’ असतं तर? ज्याच्या शब्दावर आपण आयुष्य टेकवलं, तोच आपल्यासारखं बोलायला लागला तर?

“अगं, मी कारखान्यात जातोय!” एवढंच ओरडून तो उठला. पण आधी गेला बाईंकडे.

“बाई, काच वाटेत नव्हती. कधीच नव्हती. कागद माझ्या खिशात होता.”

बाईंनी हात पुढे केला. कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. “हाच का तो? मला काय, कोरासुद्धा असेल. मी कुठे वाचू शकतेय? तुम्ही सांगाल तेच मला खरं.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग आता कधी?” बाईंनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून ‘उद्या’ निघालं नाही. “ठाऊक नाही, बाई. बस मिळाली तर दुपारनंतर. कारखाना बंद असला तर आज नाही. पण मी निघालोय.”

तिसरा चमत्कार. दोन तासांनी बस थांबली तर कारखान्याच्या दारात कारागीर उभाच! “बाईंची जाड काच ना? द्या कागद, यंत्र रिकामं ठेवलंय.” याला कुणी सांगितलं? देवदूताने, दुसऱ्या कुणी!

चार वाजता बाईंच्या नाकावर चष्मा होता. पुस्तक उघडलं. रोज एकच अध्याय हा नेम त्यांनी त्या दिवशी मोडला. एकामागून एक वाचत गेल्या. खिडकीतलं ऊन पलंगावरून सरकत भिंतीवर गेलं. यजमानांचं बोट पांघरुणावर स्वस्थ होतं. शेवटच्या अध्यायात, प्रभू लवकर येतो म्हणतो तिथे, बोट वर झालं.

बाई थांबल्या. पुन्हा वाचलं. चूक नव्हती. बोट मात्र खाली येईना. ते वळलं दाराशी उभ्या असलेल्या चष्मेवाल्याकडे. तो जवळ गेला. म्हाताऱ्याने त्याच्या तळहातावर बोट टेकवलं आणि सावकाश एक खूण काढली. छापखान्यात शेवटच्या कागदावर काढायचे तीच. बरोबर. छापायला हरकत नाही.

आठवी फेरी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. दोघं मिळून ती पहिल्या पुस्तकात महापूर येतो आणि तारू पाण्यावर तरंगतं तिथपर्यंत पोचली. पुढचं बाईंनी एकटीने वाचलं. चष्मेवाल्याला त्या भेटतात, आणि त्याच्याकडे बघून हसतात. आता डावीकडे नाही, नीट त्याच्याकडे.

सांगायचं काय, तर आपण रोज देवाकडे वचन मागतो. मागावंच, तो देतो आणि पाळतो. पण त्याच हाताने आपण दिवसभर खोटी वचनं वाटत असतो. दुकानात, कचेरीत, ‘फाइल पुढे गेलीय’ म्हणून, ‘निघालोच’ म्हणून, अजून अंथरुणात असताना! देव दिसत नाही हो. लोकांना दिसतो ते तुम्ही आणि मी. आपल्याच शब्दाला किंमत नसेल तर त्याच्या शब्दावर त्यांनी कुणाकडे बघून भरवसा ठेवायचा? जमणार नसेल तर ‘नाही’ म्हणा. कागद अजून खिशात आहे, असं म्हणा. चेहरा पडेल समोरच्याचा, पडू दे! पण ‘निघालोय’ म्हणाल तेव्हा पाय रस्त्यावर असू द्या. तो चष्मेवाला त्या दिवसापासून डबीतून जी चिठ्ठी निघेल तीच ठेवतो. मागणारी असली तरी.

आणि हे सगळं घडलं ते तीन चमत्कारांनी! खिशातला कागद, डबीतल्या चिठ्ठ्या, दारातला कारागीर. माणसाचा हात म्हणून लागलेला नाही कुठे...

“हात नाही लागला?” भांडी थांबली. ओल्या हातांनी ती दारात येऊन उभी राहिली. “हे बघा हात! पाच वेळा, पाच वेळा धुण्याआधी तुमच्या खिशातून तो कागद काढून कोरड्या शर्टात मी ठेवला, आज तरी तुम्हाला लाज वाटेल म्हणून. एकशे वीस चिठ्ठ्या लिहिता लिहिता माझं पेन संपलं, आणि खऱ्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी मीच डबीत परत भरल्या. आणि कारखान्यात फोन देवदूताने केला म्हणे! तुम्ही दाराबाहेर पडलात आणि मी नंबर फिरवला. देवाला विचारून केलं हो सगळं. तुम्हाला विचारलं असतं तर म्हणाला असतात, उद्या कर!”