तीन दिवसांचं ऊन आणि सामारची चटई

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. तुम्ही म्हणाल, चटईची कसली आलीय कहाणी? पसरली की बसायचं, उठलं की गुंडाळून ठेवायची. पण जिच्यावर माणसं बसतात, निजतात, रडतात, तिला पुष्कळ काही ऐकू येतं. वेगवेगळ्या भाषांतली माणसं माझ्यावर बसली, म्हणून मला त्यांच्या भाषाही कळू लागल्या. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म फिलिपिन्स देशातल्या सामार नावाच्या बेटावरचा. तिथे भातशेतीच्या कडेला, पाणथळ जागी, तिकोग नावाचं लव्हाळं उगवतं. बायका ते कापतात, उंचीप्रमाणे त्याच्या जुड्या लावतात, उन्हात वाळवतात, रंगाच्या पाण्यात उकळतात आणि लाकडाने दाबून चपटं करतात. इथपर्यंत ऊन चालतं. एकदा विणायला बसलं की मात्र ऊन चालत नाही. तिकोग फार कोरडं पडलं तर वळताना कट्कन मोडतं. म्हणून आमच्या गावच्या बायका जुड्या डोक्यावर घेऊन डोंगरातल्या गुहेत जातात. गुहेच्या तोंडाशी गारवा असतो, दगड पाझरत असतात. तिथे मांडी घालून त्या विणतात, आणि विणता विणता साऱ्या गावाची उणीदुणी काढतात.

मला विणलं फेलिसा नावाच्या बाईने. माझ्या चारी कडांना लाल-हिरव्या चांदण्या आहेत. ही नक्षी फेलिसाला तिच्या आईने शिकवली, आईला तिच्या आईने. कागदावर ती कुणी कधी काढली नाही. आमच्या बेटावर बाळ पहिल्यांदा आमच्यावरच निजतं, लग्नात नव्या जोडप्याला आम्हांलाच देतात, आणि माणूस गेला की त्यालाही शेवटचं आमच्यावरच ठेवतात.

फेलिसाची एकच मुलगी, नेनिता. लहानपणी ती गुहेत येऊन आईच्या शेजारी बसायची. एक काडी हातात घेतली की फेलिसा ती काढून घ्यायची. "तुझे हात पाटीवर अक्षरं काढायला आहेत," म्हणायची. नेनिता शिकली, शिक्षिका झाली, लग्न करून अमेरिकेला निघाली. निघताना फेलिसाने मला तिच्या सामानात घातलं. माझ्या पोटात रंगीत काड्यांची एक जुडी ठेवली आणि म्हणाली, "कुठे उसवलं तर असू दे." पण उसवलं तर विणणार कोण? नेनिताला विणता येतच नव्हतं. तेव्हा दोघींपैकी एकीच्याही ते मनात आलं नाही.

मित्रांनो, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात मी आले आणि माझं कामच संपलं. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट. खाली बसायचं कुणी, आणि कशाला? चार वर्षं मी कपाटामागे उभी होते. गुंडाळलेली चटई उभी राहिली की तिला स्वतःची नक्षीही दिसत नाही.

मला बाहेर काढलं ते मोनाने. मोना तेव्हा सात महिन्यांची होती. तिची आई प्रणिता आणि बाबा गिरीश, दोघं मूळचे नागपूरकडचे. दोघंही सकाळीच फ्रीवेने कामाला जायचे, आणि मोनाला शेजारच्या घरात नेनिताकडे ठेवायचे. नेनिता आता शाळेत शिकवत नव्हती, घरीच लहान मुलं सांभाळत होती. कार्पेटवर ठेवलं की मोनाच्या अंगावर लाल पुरळ उठायचं. एके दिवशी नेनिताला माझी आठवण झाली. तिने मला झटकलं, पुसलं, पसरलं. मोना माझ्यावर पालथी पडली, गाल टेकवला आणि शांत झोपली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

मोना वर्षाची झाली त्या वसंतात तिची आजी, म्हणजे गिरीशची आई गिरजाबाई, भंडाऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. पहिल्या दिवशी प्रणिताबरोबर मोनाला घ्यायला आली, ती दारातच थांबली. मोनाकडे न बघता माझ्याकडे बघू लागली. उकिडवी बसली आणि माझ्या कडेवरून बोट फिरवत फिरवत बरोबर त्या कोपऱ्यात आली, जिथे फेलिसाने पहिली काडी धरली होती.

"इथून सुरू केली," ती म्हणाली.

प्रणिताने नेनिताला समजावून सांगितलं, "आमच्या आई लहानपणी चटया विणायच्या. शिंदीच्या पानांच्या. शिंदी म्हणजे एक प्रकारचं पाम ट्री."

नेनिताने गिरजाबाईचे हात आपल्या हातात घेऊन उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "नानाय." त्यांच्या भाषेत नानाय म्हणजे आई. तिथून पुढे दोघींना बोलायला तिसरी लागेनाशी झाली. एक इंग्रजीतले चार शब्द बोलायची, दुसरी मराठीतच उत्तर द्यायची. कशी कोण जाणे, पण गाडी चालायची.

त्याच महिन्यात फेलिसाचं पत्र आलं. नेनिताने ते माझ्यावर बसून वाचलं, म्हणून मला ठाऊक. बाजारात प्लास्टिकच्या चटया आल्या होत्या. गावच्या तरण्या मुली मनिलाला कारखान्यांत जात होत्या, कुणी परदेशी घरकामाला. गुहेत येणाऱ्या आता सहाच बायका उरल्या होत्या. "काम मिळालं नाही तर या पावसाळ्यानंतर मीही जाणार नाही," असं फेलिसाने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं.

नेनिताने चार ठिकाणी फोन केले. सॅन फ्रान्सिस्कोत हाताने केलेल्या वस्तूंचं एक दुकान होतं. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारी चटई घेऊन या. बघते आणि तिथेच सांगते." म्हणजे त्या सहा बायकांचं काम आता माझ्यावर अवलंबून होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात मोनाला ताप आला. ती घरीच आजीजवळ राहिली, पण माझ्याशिवाय झोपेना. नेनिताने मला तिच्या घरी दिलं. "फक्त शनिवारी लागेल," ती म्हणाली.

मित्रांनो, पुढे जे झालं ते कुणी वाईट मनाने केलं नाही, हे आधी सांगते. सोमवारी मोनाने मला ओलं केलं. गिरजाबाईने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि घरामागच्या सिमेंटच्या पॅटिओवर उन्हात पसरलं. तिच्या गावी चटईला ऊन दाखवणं म्हणजे तिची काळजी घेणं. शिंदीच्या चटईला ऊन मानवतं, किडे मरतात, ती कडक आणि टिकाऊ होते. दुसऱ्याची वस्तू आहे, स्वच्छ करून परत द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

मग तिने वर पाहिलं. "काय ऊन आहे व माय! अन् या अख्ख्या गल्लीत एक कुरडई वाळत नाही. वाया चाललं सारं!"

बुद्ध पौर्णिमेला घरी चाळीस माणसं जेवायला येणार होती. खिरीबरोबर तळलेल्या कुरडया हव्यातच. तिने माझ्यावर ओलं धोतर अंथरलं, सोऱ्या घेतला आणि शुभ्र कुरडया घातल्या. मोनाचा ताप उतरला होता, ती आता आजीच्या कुशीत झोपायची आणि उठली की काचेच्या दाराआडून माझ्याकडे बघत राहायची. एक दिवस झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. तिकडच्या उन्हाला ओलावा नसतो. माझ्या अंगातला थेंब न् थेंब ते पिऊन गेलं. वरून कुरडयांचं पाणी, खालून तापलेलं सिमेंट. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

बुधवारी संध्याकाळी प्रणिता कामावरून आली आणि मला गुंडाळायला लागली. कट्. कट्. कट्.

तिने हात सोडला. "आई! हे काय झालं?"

गिरजाबाई धावत आली. एका कोपऱ्यातल्या चांदण्या मोडल्या होत्या. काड्यांची टोकं उभी राहिली होती आणि लाल रंग धोतराला लागला होता.

"ऊन दाखवलं होतं. काहून मोडली ही?" तिचा आवाज एवढासा झाला.

"शनिवारी त्यांची अपॉइंटमेंट आहे! कॅन्सल पण नाही होणार ती!"

गिरीश आतून म्हणाला, "नवीन ऑर्डर करून देऊ ना, यार. कुठे तरी मिळत असेल."

"मिळत असती," गिरजाबाई म्हणाली, "तर ती पोरगी हीच घेऊन कशाला निघाली असती?" तिने मला उचलून दोन्ही हातांवर आडवं घेतलं. "मी जाते सांगायला."

"आई, तुम्ही थांबा, मी बोलते. तुम्हाला इंग्लिश..."

"मोडताना इंग्रजी लागली नाही मले."

नेनिताने दार उघडलं आणि तिचं लक्ष आधी माझ्याकडेच गेलं. गिरजाबाईने आपल्या छातीवर हात ठेवला, मग वर सूर्याकडे बोट दाखवलं, मग पुन्हा छातीवर हात ठेवला. नेनिता खाली बसली. तिने मोडका कोपरा मांडीवर घेतला. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे अशा चटया गुहेत विणतात, नानाय. गारव्यात." मग मोडकी टोकं बोटाने दाबत म्हणाली, "मला दुरुस्त करता येत नाही. आईने मला शिकवलंच नाही."

मागोमाग आलेल्या प्रणिताने सगळं मराठीत सांगितलं. गुहा हा शब्द ऐकताच गिरजाबाई उठली. "तुमच्या बाथरूमला खिडकी आहे का?" तिने विचारलं. नव्हती. "झालं तर मग."

मित्रांनो, पुढचे दोन दिवस मी नेनिताच्या बाथरूममध्ये राहिले. गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून घ्यायचं, वाफ भरली की नळ बंद करायचा. भिंती पाझरू लागायच्या. माझं अंग हळूहळू सैल पडलं. गिरजाबाई टबाच्या काठाशी पाट टाकून बसली. नेनिताने ड्रॉवरमधून ती रंगीत काड्यांची जुडी शोधून आणली आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून एकेक काडी तिच्या हातात देत राहिली. चांदणी कशी करायची ते गिरजाबाईला माहीत नव्हतं. ती समोरचा शाबूत कोपरा वाचायची. "दोन वर, एक खाली, एक सोडली... थांब, थांब. अशी नाही. सोड." चुकलं की चुकीच्या काडीपर्यंत सोडायची आणि पुन्हा तिथून धरायची.

एकदा तिने नेनिताचा हात ओढून काडीवर ठेवला. नेनिताने तो मागे घेतला. गिरजाबाईने पुन्हा ओढला. "तुझी माय नाही बघत आहे इथं," ती म्हणाली. नेनिताला शब्द कळले नसतील. पण तिने काडी धरली.

सगळ्या चांदण्या जमल्या. एक जमली नाही. तिथे गिरजाबाईने शिंदीच्या चटईतली साधी चौकट विणली.

शनिवारी दुकानातल्या बाईंनी मला मोठ्या टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचं बोट त्या चौकटीवर थांबलं. "हे वेगळं आहे." नेनिताने काही लपवलं नाही. ऊन, कुरडया, बाथरूम, सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती जागा तळहाताने कुरवाळली. मग म्हणाल्या, "काम सुंदर आहे. पण इथे जमिनीवर कोण झोपतं? एवढी मोठी चटई मी विकू शकणार नाही. जेवणाच्या ताटाखाली ठेवायला लहान करून द्या. फिक्या रंगात, नक्षी नको. तेवढी मी भरपूर घेईन."

घरी येऊन नेनिताने गावच्या दुकानातल्या फोनवर आईला बोलावून घेतलं. बोलताना ती माझ्यावरच बसली होती. चांदण्या नकोत, हे तिला आईला सांगवत नव्हतं. शेवटी तिने सांगितलं. पलीकडे फेलिसाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बायका गुहेत येतील ना?"

"येतील."

"मग लहान तर लहान."

तर मित्रांनो, माझ्या गावच्या बायकांना काम मिळालं. सहाच्या नऊ झाल्या. पण त्या आता फिके, नक्षी नसलेले तुकडे विणतात. हे चांगलं झालं की वाईट, ते मी कशी सांगू? चूल पेटली, ते चांगलंच. पण नव्या आलेल्या तिघींना चांदणी येत नाही, आणि ती शिकायला कुणी सांगत नाही. पोट भरणं आणि कला जगणं, या दोन गोष्टी दरवेळी हातात हात घालून चालत नाहीत, एवढं मात्र मला कळलं.

गिरजाबाई परत जाईपर्यंत रोज दुपारी ती आणि नेनिता माझ्यावर बसायच्या. मोना मधे लुडबुड करायची, काड्या तोंडात घालायची. "गधडे, ते खायचं नसते!" असं म्हणत गिरजाबाई तिच्या तोंडातून काडी काढायची आणि नेनिताच्या हातात द्यायची. गिरजाबाई गेल्यावर नेनिता एकटी विणत राहिली. गावाहून काड्या मागवल्या, पहाटे मुलं यायच्या आधी तासभर बसायची. हिवाळ्यात तिने हातभर चौकोन पुरा केला, त्याला कडेने चांदण्या काढायचा प्रयत्न केला, आणि कुणाला न सांगता तो आईला पोस्टाने पाठवला.

सहा आठवड्यांनी पाकीट परत आलं. त्यात पत्र नव्हतं. फेलिसाने तो चौकोन जवळजवळ सगळा उसवला होता. सोडवलेल्या काड्या नीट बांधून ठेवल्या होत्या. फक्त एका कोपऱ्यातलं बोटभर विणकाम तसंच ठेवलं होतं, दीड चांदणीएवढं. आमच्या गुहेत शिकवायची हीच रीत आहे. जिथपर्यंत बरोबर, तिथपर्यंत ठेवायचं.

नेनिता माझ्यावर बसली. ते बोटभर विणकाम तिने खिडकीकडे धरून कितीतरी वेळ पाहिलं. मग एक काडी ओली केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी गोष्ट असेल, कुणाच्या तरी हातांनी घडलेली. तिची काळजी घ्या. पण आपल्या मनाने घेऊ नका. ती घडवणारं माणूस असेल तर आधी त्याला विचारा, हिला काय मानवतं, हिला काय सोसत नाही. आणि विचारायला गेलात की तिथेच थांबू नका. जवळ बसा आणि म्हणा, मलाही शिकवा. ते हात आज आहेत. उशीर करू नका.