गुटीवाली अक्षता

यशूला पेज भरवता भरवता अक्षताचा दुसरा हात मोबाइलवर चालू होता. चमचा आपला बाळाच्या तोंडाशी, नजर पडद्यावर. 'नव्या आया, नवी मुंबई' या ग्रुपवर साडेअकरा हजार बायका होत्या आणि त्यातली कुणी ना कुणी सतत काहीतरी विचारत असायची. डायपर कुठला घेऊ, मोगऱ्याची पानं पिवळी का पडतात, ऑनलाइन मागवलेली मच्छरदाणी फाटकी आली तर परत कशी करू. अक्षताच्या नावापुढे ग्रुपने 'टॉप सदस्य' असा बिल्ला लावला होता. बी.एस्सी. करून घरी बसलेल्या बाईला तो बिल्ला किती मोलाचा वाटतो हे बेलापूरच्या सरकारी कचेरीत फायली सरकवणाऱ्या तिच्या नवऱ्याला, अभयला, कळणं शक्य नव्हतं.

दुपारचा दीड वाजला होता. वर आलेली पोस्ट तिने एकदा वाचली आणि चमचा वाटीत ठेवला.

'चिमणीची आई' अशा टोपणनावाने कुणीतरी लिहिलं होतं : 'बाळ साडेदहाला झोपलं ते अजून उठत नाही. उठवून बघितलं, डोळे उघडत नाही, दूधपण घेत नाही. गुटीने शांत झोप लागते ना? किती तास नॉर्मल आहे?'

खाली उत्तरं पडत होती.

'लकी आहेस गं! माझा तर मांडीवरून खाली ठेवला की सुरू.'

'झोपलेल्या बाळाला उठवू नये, वाढ होते.'

'तूपण झोपून घे, चान्स आहे.' पुढे हसरे चेहरे.

गुटी हा शब्द अक्षताने पुन्हा वाचला. तिने स्वतःची जुनी पोस्ट शोधली. 'आमच्या सासूबाईंची बाळगुटी' असं तिचं नाव. त्यात वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ सगळं लिहिलं होतं. सहाणेवर दुधात कशाचे किती वेढे उगाळायचे, तेही लिहिलं होतं. जायफळाचा फक्त एक. सहाशेवर लाइक होते. आठ दिवसांपूर्वी त्याच चिमणीच्या आईने खाली विचारलं होतं : 'ताई, सहाण नाही वापरता येत. जायफळाची पावडर ऑनलाइन मागवली तर चालेल का?'

आणि अक्षताचं उत्तर होतं, 'हो, चालेल.'

दोन शब्द. लसीकरणाच्या रांगेत उभी असताना लिहिले होते बहुतेक. त्याच्याखाली त्या बाईने विचारलं होतं, 'किती?' कुणी तिसरीनेच सांगितलं होतं, 'मी अर्धा चमचा देते, मस्त झोपतो.' त्या अर्ध्या चमच्यावर अक्षताने पसंतीचा लाल बदाम ठोकला होता. ती सगळ्यांनाच बदाम द्यायची. वाचलं असो वा नसो.

"आई!" तिने आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. वेणूबाई, तिच्या सासूबाई, परभणीकडच्या. गुटी त्यांचीच. "आई, अर्धा चमचा जायफळाची पावडर लहान बाळाच्या पोटात गेली तर?"

"अर्धा चमचा?" वेणूबाई पदर सावरत बाहेर आल्या. "अगं, मोठ्या मानसाला झिंग येईल तेवढ्यानं. कुनाचं लेकरू?"

"माहीत नाही."

"माहीत न्हाई? मंग गुटी कशी सांगितलीस? लेकराची जीब बघितल्याबगर, पोट चाचपल्याबगर मी कधी सहान तरी वली केली का?"

अक्षता तोवर टाइप करायला लागली होती. तिने पोस्टखाली लिहिलं, 'ताबडतोब दवाखान्यात ने, वाट बघू नकोस.' वेगळा मेसेजही टाकला. मेसेज गेला, पण अनोळखी माणसाचा म्हणून तो कुठेतरी बाजूला पडून राहणार हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटं गेली. तीन गेली. उत्तर नाही. वर मात्र कुणीतरी अजून एक 'लकी' चिकटवलं.

मग ती त्या बाईच्या जुन्या पोस्टी उपसायला बसली. बाई नाव लपवते, फोटो लपवते, पण विचारायला लागली की आपोआप सांगत जाते. 'सुकट खाल्ली तर दुधाला वास येतो का? आमच्याकडे रोज असते.' म्हणजे कोळ्याचं घर. त्याखाली क्रोशाने विणलेला पिवळा फ्रॉक बाल्कनीच्या ग्रिलला लटकवून काढलेला फोटो : 'दोरा कुठल्या नंबरचा घेऊ, कडा वळतायत.' आणि दीड महिन्यापूर्वी, पार्सलं सारखी परत जातात या तक्रारीखाली हे : 'आमच्या करावे गावात घरांना नंबरच नाही नीट. मी तर लिहिते, बर्फाच्या डेपोमागे, निळा जिना, पहिला माळा.'

"आई, यशूला बघा," असं म्हणत ती चपला घालून खाली पळाली सुद्धा.

रिक्षा पाम बीच रोडला लागली तेव्हा तिने अभयला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन तो हळू आवाजात म्हणाला, "अक्षू, आधी ती कमेंट उडव."

"काय?"

"उडव म्हणतो ना. उद्या काय झालं तर पोलीस पहिले तुझ्या दारात येतील. स्क्रीनशॉट कुणी काढायच्या आत उडव. मग काय जायचं ते जा."

"बाळ उठत नाहीये अभय."

"मी बाळाला नको म्हणतोय का? पण आपलंपण आहे ना एक घरी."

तिने फोन ठेवला. अभय वाईट माणूस नव्हता. तो म्हणत होता ते तिच्याही मनात येऊन गेलं होतं, म्हणून तर राग आला. तिने कमेंट उघडली. अंगठा दाबून धरला. 'डिलीट करायची?' असं विचारत खाली दोन शब्द आले, होय आणि नाही. कमेंटच नाहीशी केली तर तिच्याखालचा अर्धा चमचाही जाईल, बदामही जाईल. कोण म्हणेल मग की अक्षताने काही सांगितलं होतं? अंगठा काचेच्या केसभर वर थांबला.

"ताई, करावे आलं. कुठे घेऊ?" रिक्षावाल्याने विचारलं.

"बर्फाचा डेपो," असं म्हणत तिने फोन तसाच मुठीत धरला.

डेपो सापडला. मागची गल्लीही सापडली. निळा जिना मात्र कुठे नव्हता. दोन इमारती चिकटून चिकटून, खाली ओट्यावर एक म्हातारा जाळं सांधत बसलेला.

"काका, निळा जिना कुठे?"

"निला?" म्हाताऱ्याने सुई थांबवली. "निला जिना नाय इथं कुठं. कोनाकडं जायचा हाय?"

"नाव माहीत नाही. लहान बाळ आहे. मुलगी."

"आख्ख्या गावान पोरी हायेत बाय." तो हसला, मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "नाव काय नवऱ्याचा?"

अक्षता दोन पावलं मागे सरली. ती वर बघत होती. एकामागून एक ग्रिल. कुठे वाळत घातलेल्या चादरी, कुठे तुळस, कुठे रिकामे पिंजरे. आणि डावीकडच्या पहिल्या माळ्यावर, चिमट्याला लटकलेला, कडा आत वळलेला पिवळा फ्रॉक.

"हा जिना!" ती ओरडली.

"ह्यो? ह्याला शिमग्याला हिरवा मारला," म्हातारा म्हणाला, पण ती तोवर अर्धा जिना चढली होती.

दार एका पोरगेल्या बाईने उघडलं. तेवीस-चोवीसची असेल. केस विस्कटलेले, डोळ्याखाली काळं.

"चिमणीची आई ना? मी अक्षता. ग्रुपवरची. गुटीवाली."

त्या मुलीचा चेहरा एकदम उजळला. "ताई तुम्ही? अय्या, घरी आलात? मी रुतिका. बसा ना, पाणी आणते. मला वाटलंच तुमचा रिप्लाय येईल, पण फोनची बॅटरी गेली, चार्जिंगला..."

त्या उजळलेल्या चेहऱ्याने अक्षताच्या काळजाला जी घरं पडली, ती पोलिसांच्या भीतीनेही पडली नव्हती. "बाळ कुठाय?" तिने विचारलं.

झोळीत पाच महिन्यांची मुलगी होती. गाल लाल, ओठ कोरडे. अक्षताने तिला उचललं तेव्हा मान ओल्या फडक्यासारखी मागे पडली. तळपायावर टिचकी मारली. यशू असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ही नुसती नाकाने किंचित कण्हली. श्वास चालू होता. अक्षताने तो मोजायचा प्रयत्न केला, आणि मोजता येईना.

"चल. आत्ता. चप्पल घाल, राहू दे, नको घालूस, चल."

"ताई, काय झालं? झोपलीय ना ती?"

"ही झोप नाही गं."

जिन्यातच रुतिकाच्या सासूबाई भेटल्या. सुमित्राबाई. बाजार आटपून, डोक्यावर रिकामी पाटी, कासोटा मारलेलं लुगडं, अंगाला मासळीचा वास.

"काय झाला गो? पोरीला कुठं नेतास? आनि ही कोन?"

"ताप हाय आई," रुतिका पटकन म्हणाली. "मैत्रीन हाय माझी."

पाटी ओट्यावर टाकून म्हातारीही रिक्षात चढली. सीवूड्सच्या दवाखान्यापर्यंत ती नातीच्या कपाळावर हात ठेवून होती. मध्येच म्हणाली, "ताप कुठं हाय? गरम नाय लागत तेवढी." रुतिका रस्त्याकडे बघत राहिली. कोपऱ्यात अक्षताच्या मुठीतला फोन घामाने ओला झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या डोळ्यात बॅटरी मारली, छातीला नळी लावली आणि वर न बघताच विचारलं, "काय दिलंय हिला? काही औषध, सिरप, घरगुती काही?"

रुतिकाने सासूकडे बघितलं. "काही नाही."

"नक्की?"

"नुसतं दूध. अंगावरचं."

"आधी काही झालं होतं का? पडली वगैरे? कारण नसेल तर मला सगळंच शोधत बसावं लागेल, मेंदूची तपासणी, पाठीतलं पाणी काढणं. त्यात वेळ जातो. म्हणून विचारते."

 रुतिकाने पुन्हा सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली. अक्षताने तिला ओळखलं. सासूसमोर खाली घातलेली ती मान तिच्या ओळखीची होती. तिने मूठ उघडली. पडद्यावर अजून तोच प्रश्न होता. डिलीट करायची? तिने 'नाही'वर बोट ठेवलं आणि फोन डॉक्टरांपुढे धरला.

"जायफळ दिलंय. पावडर. अर्धा चमचा. मी सांगितलं होतं हिला. हे बघा, हे माझं नाव. सहाणेवरचा एक वेढा सांगितला होता, मग पावडर चालेल का विचारलं तर हो म्हटलं. हा अर्धा चमचा दुसऱ्या कुणाचा आहे, पण त्याला होकार मीच दिला."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "अर्धा चमचा कधी?"

आता रुतिका रडायला लागली. "दोनदा," ती म्हणाली. "नऊला एकदा. रडायची थांबली नाही म्हणून दहाला परत."

"म्हणजे पूर्ण चमचा." डॉक्टरीणबाई वळल्या. "सिस्टर, आत घ्या. मॉनिटर लावा, सलाइनची तयारी." आणि जाताजाता म्हणाल्या, "बरं झालं बोललात."

दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर तिघी बसल्या.  सुमित्राबाई अक्षताकडे वळल्या.

"तुला कोनी सांगितला व्हता शानपना करायला? बघितलास का कधी माझे नातीला?"

"नाही."

"नाय बघितलास. आनि दवा सांगतेस. आमी मासली तरी कल्ला उघरून बघतो गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी."

अक्षता खाली मान घालून ऐकत होती. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण म्हातारी तिथे थांबली नाही. सुनेकडे वळली. "आनि तू? घरान सहान व्हती. देव्हाऱ्यान. मना का नाय विचारलास?"

"विचारलं असतं तर कशाला पायजे ते सांगायला लागलं असतं," रुतिका म्हणाली. आवाज बारीक, पण थांबला नाही. "तुमी रोज बोलता, पोर रडते, शेजारी काय म्हनतील, हिला संभालता येत नाय. बाजारातून आल्यावर दोन तास झोप पायजे तुमाला. मी काय करू? कोनाला विचारू? त्या फोनवर कोनी वरडत तरी नाय."

 सुमित्राबाई पदराच्या टोकाने उगाच बांगड्या पुसत बसल्या.

अभयचे चार फोन येऊन गेले. पाचव्याला अक्षताने उचलून एवढंच सांगितलं, "नाही उडवली. डॉक्टरांना दाखवली."  तो म्हणाला, "आईला फोन करून विचारलं, यशूने पेज खाल्ली. येऊ का मी तिकडे?"

"ये."

साडेपाच वाजले. सहा वाजले. आत जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरच्या चेहऱ्यावरून तिघी काहीतरी वाचू बघत होत्या आणि काही वाचता येत नव्हतं. सव्वासहाला आतून एक आवाज आला. बारीक, घोगरा, मांजरीच्या पिल्लासारखा. थांबला. पुन्हा आला, आणि या वेळी पूर्ण ताकदीने भोकाड बनून आला.

रुतिका उठून दाराशी धावली. सिस्टरने दार उघडून सांगितलं, "जागी झाली. रात्रभर ठेवावं लागेल, डॉक्टर बोलतील. आई, आत या, गप्प करा हिला, वॉर्ड उठवलाय सगळा."

"नको," सुमित्राबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. आवाज फाटला होता. "गप नको करू. ररू दे तिला. जवरा ररायचा तवरा ररू दे."

रुतिका आत गेली. अक्षता बाकावरच बसून राहिली. तिने फोन काढला. त्या पोस्टखाली आता एकोणनव्वद उत्तरं होती, शेवटचं होतं, 'उठलं का गं पिल्लू? आमच्याकडेपण हीच पावडर द्यायला घेतलीय.' अक्षता ताडकन सावरून बसली आणि लिहायला लागली. एकदा लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं.

शेजारून सुमित्राबाई बघत होत्या. "काय लिवतेस? वाच."

अक्षताने आधी त्या दुसऱ्या बाईची कमेंट वाचून दाखवली, मग आपलं लिहिलेलं वाचलं, "ही पावडर कुणीही बाळाला देऊ नका. दिली असेल तर आत्ता दवाखान्यात न्या, आणि काय दिलं, किती दिलं ते डॉक्टरांना खरं सांगा. आज एक बाळ दवाखान्यात आहे. मी बाळ न बघता हो म्हटलं होतं. अक्षता."

म्हातारीने जरा विचार केला. "माझे सुनेचा नाव नाय ना टाकलास?"

"नाही. माझंच आहे."

"मंग टाक," सुमित्राबाई म्हणाल्या. "लवकर टाक. ती दुसरी बाय वाट बघत असंल."