लग्नाचं लोणी लावलेले बूट

मित्रांनो, मी डोंगर चढायच्या बुटांची एक जुनी जोडी आहे. जवळ या, पण नाक जरा धरूनच या. माझ्या अंगाला एक वास आहे आणि त्याचा मला मोठा अभिमान आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पाणी आत शिरू नये म्हणून मला खास अस्तर लावले आणि पाण्याच्या हौदात बुडवून पाहिले. मी पास झाले! पुढे मराकेश शहरातल्या एका दुकानात मी धूळ खात पडले. एके दिवशी डोंगरातल्या गावाहून तिलिला आली.

"भावाला हवेत का, ताई?" दुकानदाराने विचारले.

"भाऊ खेचरावर बसतो. चालते मी," ती म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

तिलिलाला वाटाड्या व्हायचे होते. तिच्या आईला, रकियाला, ते मुळीच पसंत नव्हते. "परक्या माणसांना डोंगर दाखवत हिंडणार? आणि असली खेटरं घालून? घरात आणू नकोस ती!" मग माझा मुक्काम गोठ्यात, खेचराशेजारी. बर्फ पडले, वाटा बंद झाल्या आणि अंगावरच्या चिखलासकट मला सगळे विसरले. वसंत आला तेव्हा माझ्या उजव्या बुटाच्या चामड्याला चीर गेली होती. मला फार वाईट वाटले.

नेमका तेव्हाच गावातल्या पाहुणघराच्या मालकिणीचा निरोप आला. कासाब्लांका शहरातून आलेल्या तीन बायकांना उद्या खिंडीपलीकडे न्यायचे होते. जमले तर तिलिलाला कायमचे काम, नाहीतर नेहमीचे वाटाडे, शेजारचे बिहीकाका, होतेच.

काका मला पाहून हसले. "बुटाने आ वासलाय की गं पोरी! ओढ्यातले मासे धरणार आहेस का?"

डोळे पुसत तिलिला झऱ्यावर पाणी भरायला गेली.

ती गेल्यावर रकिया गोठ्यात आली. तिने मला उचलले, चिरेवरून अंगठा फिरवला, आणि मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले. मग कोठीच्या कोपऱ्यातली जमीन उकरून तिने एक मडके काढले. आमच्याकडे मुलगी जन्मली की खारे लोणी पुरून ठेवतात. ते तिच्या लग्नात काढायचे असते. इतकी वर्षे मुरलेले, उग्र वासाचे ते लोणी रकियाने मूठभर घेतले आणि ती ते माझ्या चिरेत चोळू लागली.

"आई! अगं, हे लग्नाचं लोणी!" तिलिला दारातच ओरडली.

"नवरा येईल तेव्हा येईल. ओढा उद्याच लागणार आहे. तो दुसरा बूट दे इकडे."

सकाळी आम्ही निघालो आणि गावातली सगळी कुत्री मागे लागली. "वऱ्हाड निघालं!" बिहीकाका ओरडले. पाहुण्या नाकाला रुमाल लावून पोट धरून हसत होत्या. खिंडीखालच्या ओढ्यात बर्फाचे पाणी उसळत होते. तिलिलाने पाण्यात पाय रोवले आणि एकेकीचा हात धरून तिघींना पलीकडे काढले. मी जीव मुठीत धरला होता, पण एक थेंब आत येऊ दिला नाही.

काम तिलिलाला मिळाले. परतलो तेव्हा रकिया दारात उभी होती. प्रवास कसा झाला, पाहुण्या काय म्हणाल्या, तिने काही विचारले नाही. लेकीला ओट्यावर बसवून तिने माझ्या नाड्या सोडल्या, मला पायांतून काढले आणि आत हात घातला. पार पुढच्या टोकापर्यंत चाचपून पाहिले.

"कोरडे आहेत," ती म्हणाली, आणि मला उचलून घरात घेऊन गेली.

मित्रांनो, बुटांचा चिखल वेळेवर पुसा, सावलीत वाळवा, चामड्याला मेण लावा. लोणी लावू नका, चामड्याला ते बरे नव्हे. पण तुमच्या आईने लावलेच, तर तेच बूट घाला आणि खुशाल कुत्र्यांची वरात घेऊन डोंगर चढा.