घरातलं शेवटचं प्लास्टिक

सूरजने घरातलं प्लास्टिक हुडकून हुडकून बाहेर काढलं आणि जे उरलं ते सगळं बापाच्या खाटेवर निघालं.

बाप म्हणजे हरिबा. बकऱ्यांसाठी पाल्याच्या फांद्या तोडताना झाडावरून पडले, खुबा मोडला, तेव्हापासून ओटीवर खाट टाकून पडलेले. महाडच्या डॉक्टरने बजावलं होतं, हाड जुळायला बकरीच्या पायाचं सूप द्या आणि खाटेवरून हलवू नका. खाट आणि सूप, एवढ्यावर हरिबांचं उरलेलं आयुष्य मजेत गेलं असतं. पण मुलगा आणि सून अमिता नालासोपाऱ्याहून कायमचे गावी आले. मुंबईत दोघांनी पृथ्वीचा बराच नाश केला होता म्हणे, तो आता पोलादपूरच्या डोंगरावर भरून काढायचा होता. घरात भाड्याने पाहुणे ठेवायचं ठरलं. पुण्याची एक संस्था अशा घरांना हिरव्या पानाची पाटी देत असे. अट साधी : प्लास्टिक नको, मटण नको. पाटी लागली की शहरातली माणसं दुप्पट भाडं भरून उपाशी राहायला येतात, असं अमिताने मोबाइलवर वाचलं होतं.

बादल्या गेल्या, डबे गेले, ब्रश गेले. मग दोघं खाटेशी येऊन उभी राहिली. मेणकापड ओढलं, डायपरचा पुडा उचलला, लघवीचं भांडं नेलं.

"बाबा, तोंड उघडा," सूरज म्हणाला.

"कशाला रे?"

"कवळी. ती पण प्लास्टिकचीच."

"मंग चावू कशानं? तुज्या डोक्यानं?"

अमिताचा चेहरा एकदम उजळला. कवळी गेली की मटणाचा प्रश्नही मिटत होता. एका दगडात दोन पक्षी. पक्षी खायचे नव्हते, हा भाग वेगळा.

"सूप चावत नायत गो, पितात!" हरिबा ओरडले.

"सुपासाठी बकरी मरते, बाबा."

बकऱ्यांचा विषय निघालाच होता, तर सूरजने तोही संपवला. बकऱ्या ढेकर देतात, त्याने पृथ्वी तापते. पृथ्वी थंड राहावी म्हणून त्याने सगळ्या बकऱ्या महाडच्या खाटकाला विकल्या.

"ढेकर मी पन देतो," हरिबा म्हणाले.

"तेच म्हणतोय मी," सूरज म्हणाला, आणि त्यांचं रात्रीचं जेवण बंद झालं.

संस्थेच्या तपासणीच्या दिवशी सकाळी अमिताला ओटीवर वास आला. वास हरिबांचा होता. गोठा रिकामाच होता.

"एकच दिवस, बाबा. मॅडम गेल्या की परत खाटेवर," असं म्हणत दोघांनी त्यांना उचलून पेंढ्यावर ठेवलं. खुब्यातून कळ मस्तकात गेली, पण हरिबांनी ती सोसली. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. येऊ दे ती बाई. तिच्यासमोर या दोघांची अशी अब्रू काढतो, की खाट, दात आणि सूप, तिन्ही हात जोडून परत आणतील.

संस्थेच्या सेजल मॅडम घर बघून गोठ्याशी आल्या.

"बाय, माजे दात काडले ह्यांनी!" हरिबांनी सुरुवात केली.

"कवळी सोडलीत?" मॅडम थबकल्या. "आजवर कुणीच सोडलेली नाही, आजोबा."

"मटान बंद केलं!"

"वा!"

"गादी काडली. पेंड्यावर निजवलाय मला. येकच टायम जेवान!"

"वा, वा!" मॅडमचे डोळे भरून आले.

हरिबांना कळलं, आपण तक्रार करतोय आणि सुरज्याला मार्क पडतायत. मग त्यांनी डाव फिरवला.

"मला मटान आवडतं! आता आनलंत तर आता खाईन. आनि प्लास्टिक पन पायजे मला. ढीगभर!"

"बघा," मॅडम सूरजला म्हणाल्या, "मोह अजून आहे. तरी पाळतायत. खरा त्याग तो हाच."

घर तसं काठावरच पास होत होतं. मॅडमनी पाटी गोठ्यावर ठोकायला लावली. दरवर्षी तपासणी होईल, म्हणाल्या. आजोबा इथून हलले तर पाटी निघेल.

गाडी खाली वळली तसा सूरज येऊन बापाच्या पाया पडला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"खाट?" हरिबांनी विचारलं.

"शनिवारपासून बुक झालीय, बाबा."

शनिवारपासून पाहुणे येऊ लागले. ओटीवर निजायचे, नाचणीची पेज प्यायचे आणि सकाळी गोठ्यापुढे रांग लावून फोटो काढायचे. एका बाईने हरिबांना गुपचूप अंडं भरवलं, त्याचा फोटो मॅडमपर्यंत पोचला, त्यांचा फोन आला आणि अमिताने लाकडाची दुसरी पाटी करून घेतली.

पुढच्या रविवारी एक पाहुणा बाहेर गाडीत बसून महाडहून आणलेली कोंबडी खात होता. हरिबांना वास आधी आला, माणूस मागाहून. त्याने गोठ्याच्या दाराशी येऊन आत पाहिलं. पेंढ्यावर म्हातारा, डोळे त्याच्या हातातल्या तंगडीवर, तोंड उघडलेलं. माणूस भला होता. त्याने हात पुढे केला, आणि तेवढ्यात पाटी वाचली : 'कृपया बाबांना खायला देऊ नये.'

"सॉरी हां, आजोबा," तो म्हणाला, आणि तंगडीसकट हात जोडून निघून गेला.

हरिबांनी तोंड थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं.