सोबतीण आणि बोगदा

अर्थखात्यात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. कुठल्याही खात्याची मागणी आली की बाई चष्म्यावरून अशा काही बघत, की मागणाऱ्याचा निम्मा हट्ट तिथेच गळून पडायचा. स्वभावाने वाईट नव्हत्या हो. पण अंथरूण एवढंसं आणि पाय पसरणारे सतराशे साठ म्हटल्यावर कुणीतरी वाईट व्हायलाच लागतं.

फक्त आईचा विषय निघाला की या बाई लोण्याहून मऊ व्हायच्या. आई डोंगरापलीकडच्या गावात एकटी राहायची. ऐंशी उलटलेली, कानाने तल्लख आणि जिभेने त्याहून. डोंगराला वळसा घालणारी बस सकाळी निघाली की दिवस मावळता पोचायची, आणि प्रत्येक वळणावर बाईंचं पोट ढवळून निघायचं. म्हणून मग ‘सुट्टी मिळाली की येते’, ‘जरा काम हलकं झालं की येते’. शेवटी डोंगरात बोगद्याचं काम सुरू झालं आणि बाईंना एक कायमचं उत्तर सापडलं. "बोगदा होऊ दे गं आई, मग बघ, दर रविवारी तुझ्या दारात उभी." त्या दिवसापासून म्हातारी बोगद्याकडे डोळे लावून बसली होती.

रोज संध्याकाळी दोघींचा फोन व्हायचा. त्यात अर्धा वेळ सोबतिणीच्या तक्रारी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे सरकार रोज दुपारी शेजारपाजारची एखादी बाई पाठवायचं. बसायला, चार शब्द बोलायला, गोळ्या घेतल्या का बघायला. "माझाच चहा पिते आणि मलाच सांगते साखर कमी घाला! सरकारला दुसरे उद्योग नाहीत का गं?" बाई हसायच्या, आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या सोबतिणीला हात जोडायच्या.

अंदाजपत्रकाचे दिवस आले. बातमी फुटू नये म्हणून अर्थखात्याच्या मजल्यावरच्या माणसांना शेवटी शेवटी बाहेर सोडत नसत. फोन जमा, जेवण आत. संध्याकाळ झाली की बाईंचा हात आपोआप पर्सकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आई फोनकडे बघत बसली असेल, या विचाराने त्यांचा जीव नुसता तुटायचा.

त्यात त्या वर्षी तिजोरीत खडखडाट. सचिवांनी बाईंना बोलावलं. "दोन्ही झेपत नाही. एकतर सोबतिणींवरचा खर्च कमी करा, नाहीतर बोगद्याचं काम थांबवा. उद्या मला तुमचं मत हवं."

बाई उठूनच उभ्या राहिल्या. "साहेब, हे दुसऱ्या कुणाला द्या. माझी आई त्याच डोंगरापलीकडे राहते. आणि तिच्याकडे सोबतीणही येते."

"म्हणजे काहीही केलं तरी नुकसान तुमचंच," सचिव म्हणाले. "तुमच्याइतकं निःपक्षपाती माणूस मला कुठे मिळणार?"

इकडे आड, तिकडे विहीर. बाई टेबलाशी बसून राहिल्या. बोगदा थांबला की थांबला. एकदा बंद पडलेली यंत्रं पुन्हा कधी धडधडली आहेत? पलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नव्हता, शाळा संपली की पोरं गाव सोडत होती. आणि सोबतीण? आई मागे एकदा न्हाणीघरात घसरली, तेव्हा तिला उठवलं कुणी? लेकीने नव्हे. लेक इथे, आकड्यांत.

बाईंना आईजवळ जायचं होतं. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकून तिच्या पदरात तोंड खुपसावं, तसं आत्ता जाऊन खुपसावंसं वाटत होतं. या वयात! पण खरं ते खरं.

शेवटी त्यांना एवढंच सुचलं की निम्म्या बोगद्यातून कुणी पलीकडे जात नाही. सोबतीण मात्र निम्मे दिवस येऊ शकते. त्यांनी तसं लिहिलं. बोगद्याला पूर्ण पैसे, सोबतीण एक दिवसाआड. सचिवांनी वाचून खाली सही केली.

अंदाजपत्रकाचं भाषण संपलं, फोन परत मिळाले. बाईंनी जिन्यातच उभं राहून आईकडे फोन लावला. सोबतिणीने उचलला. "थांबा हं ताई, देते. आजी नाचायच्या तेवढ्या बाकी आहेत."

"ऐकलंस का?" आई ओरडलीच. "टीव्हीवर सांगितलं, बोगदा होणार! एक पै कापली नाही! कोण गं ते देवमाणूस, तुझ्या ओळखीचं आहे का?"

"आई, अजून सहा वर्षं लागतील त्याला."

"लागू देत की. मी थांबते. मला कुठे जायचंय?"

हे ऐकून बाईंनी कठडा घट्ट धरला. आई किती सहज म्हणाली होती, दुकानात रांगेत उभं राहायचं असल्यासारखं. बाईंना आकडे कळत होते. ऐंशीवर आणखी सहा, हाही आकडा कळत होता.

"आणि सोबतीण आता रोज नाही यायची," त्या कशाबशा म्हणाल्या.

"माहितीय, तेही टीव्हीवर सांगितलं. आम्ही वारही ठरवून टाकले. पुढच्या आठवड्यापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. बरं झालं, माझी चहापावडर वाचेल." पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

"आई, मी येते. बोगदाबिगदा राहू दे. पुढच्या आठवड्यात येते, बसनं."

"बसनं? नको गं बाई, तुला किती त्रास होतो. उगीच आडवी पडशील येऊन."

"पडले तर पडले. तुझ्याजवळच पडेन ना."

पलीकडे सोबतीण कपबशा विसळत होती, तेवढा आवाज येत राहिला.

"येणारच असशील तर मंगळवारी ये," आई हळूच म्हणाली. "मंगळवारी आता कुणी नसणार."