जड हातोड्या

मी एक जुना उभा पियानो आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, हा आता रडगाणे गाणार. मुळीच नाही. आज मी चिडलेलो आहे.

कलकत्त्यात घडलो, पुण्यात जयमालाच्या वडिलांकडे नांदलो आणि तिच्या लग्नानंतर वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे ती मुलांना पियानो शिकवू लागली. माझ्या पोटात प्रत्येक स्वरासाठी एक लाकडी हातोडी आहे, टोकाला घट्ट दाबलेली लोकर. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते आणि मी बोलतो. खाडीच्या दमट हवेत त्या लोकरीला कसर लागली. सत्त्याऐंशी साली नव्या हातोड्या घ्यायचे ठरले.

जयमालाने दोन नमुने आणले. माझ्या जुन्या हातोडीशी तोलून पाहिले, अंगठ्याने लोकर दाबली आणि हलकी, मऊ हातोडी पसंत केली. मग आईच्या आजारपणामुळे ती पुण्याला गेली.

इकडे तिच्या नवऱ्याने, मधुकररावांनी, जड आणि टणक हातोड्या बसवून घेतल्या. "सोसायटीच्या फंक्शनला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे!"

मला विचारले कोणी?

जयमाला परतली, एक अंगाई वाजवू लागली, आणि मी ताटे आपटल्यासारखा किंचाळलो. शिकायला आलेल्या शेजारच्या छोट्या सुचित्राने कान झाकले.

"अहो, मी हलक्या सांगितल्या होत्या!"

"अगं, आवाज बघ किती दणदणीत! टेन्शन कशाला घेतेस?"

"वाजवायचं मी आणि ठरवायचं तुम्ही?"

तिने सुया घेतल्या आणि वडिलांनी शिकवले होते तसे लोकरीला टोचू लागली.

"नव्याकोऱ्या वस्तूला भोकं पाडतेस?" मधुकरराव ओरडले.

टोचल्याने लोकर सैल झाली, आवाज निवळला. पण वजन कसे जाणार? सुचित्राच्या बोटांनी पट्ट्या दबेनात. तेव्हा जयमालाने साऱ्या हातोड्या काढून पिशवीत भरल्या आणि पिशवी नवऱ्यापुढे आदळली.

"या परत करा. मी निवडलेल्या आणा. तोवर क्लास बंद!"

मधुकरराव पिशवी उचलून गेले.

हलक्या हातोड्या आल्या. एक स्वर वाजवायचा, शेजारच्या स्वराशी जुळतो का ऐकायचे, मग सुई टोचायची, असे तिने मला पुन्हा बोलते केले. त्या सुया मला टोचल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाचा आवाज बदलण्याआधी त्याला विचारा. मधुकररावांना मी अजून माफ केलेले नाही. जयमालाने केले का, ते मला ठाऊक नाही.