रापण संघाचा कंप्युटर

धोंडूने कंप्युटरचं बटण दाबलं आणि हात जोडले. पडदा उजळला, रापण संघाचं नाव आलं आणि त्याखाली कालचीच पाटी: या प्रोसेसरवर नवी आवृत्ती चालणार नाही.

"बिघडलो काय रे ह्यो?" त्याने विचारलं.

पुतण्या मितेश गोव्यात कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. तो सुट्टीवर देवबागला आला आणि चहाही न देता काकाने त्याला किनाऱ्यावरच्या मांगरात, संघाच्या जाळी ठेवायच्या खोपटात, आणून बसवलं होतं.

"बिघडूक नाय, काकानू. कंपनीन जुन्या प्रोसेसरांका सोडल्यान. नवीन सॉफ्टवेअर ह्याच्यार चलाचा नाय."

"मगे जुनाच ठेव."

"जुन्यात बाजाराचे दर येनत नाय आता."

"पण ह्यो चलता मां?"

"चलता," म्हणत मितेशने प्लग काढला. "संघान माका सांगल्यान, सगळा मोबाईलार घाल. तांडेल शिवादा बघतलो."

खांदा निकामी होऊन रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, दोरी सुटली, तेव्हा संघाने हा कंप्युटर धोंडूच्या गळ्यात मारला होता. एका बोटाने का होईना, माशांचे वाटे त्याने चोख मांडले. दसऱ्याला तो कंप्युटरला झेंडूचा हार घालायचा आणि पाहुण्यांना ऐटीत सांगायचा, मी ऑफिसात असतो. आता वाटे मोबाईल मांडणार. मग धोंडूला वाटा कशाबद्दल द्यायचा? कोणी विचारण्याआधी त्यानेच स्वतःला विचारलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

बाहेर रापण लागली होती. होडीने जाळं अर्धगोल टाकून झालं होतं आणि दोन्ही दोऱ्यांवर माणसं उभी होती. धोंडूने मान खाली घालून घरची वाट धरली.

"धोंडूदा, खंय चललस?" रापणीचा म्होरक्या, तांडेल शिवा, दोरीवरून ओरडला.

"घराक. हय काय काम आसा माझा?"

"दोरयेक हात लाव."

"हातात जोर नाय रे."

"जोर कोण मागता? हात लाव म्हणतंय."

धोंडू रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि त्याने एक हात दोरीवर ठेवला. ओढायचा तेव्हा तो सगळ्यांत पुढे, पाण्यात असायचा. दोरीचं हे टोक त्याने कधी धड पाहिलंच नव्हतं. पुढे म्हातारा लवू होता. त्याचे हात दोरीवर नुसते टेकले होते. लवूच्या आणि त्याच्या मध्ये दिवस भरत आलेली संचिता दोन बोटांनी दोरी धरून शेजारणीशी गप्पा मारत होती. दोघांचे वाटे तो कित्येक महिने ओढणाऱ्यांच्या यादीत बिनचूक मांडत आला होता.

मितेश मोबाईल घेऊन मागून आला.

"शिवादा, काकांचा नाव खंयच्या कामात घालू? कंप्युटरचा काम तर गेला."

शिवाने वळूनही पाहिलं नाही.

"ओढणाऱ्यांत."

संचिताने गप्पा न थांबवता दोन पावलं पुढे सरकून धोंडूच्या दुसऱ्या हातासाठी दोरीवर जागा करून दिली.